एकची गाडी: आई-अप्पांसोबत आइझू आणि तादामी, दोन दिवसांचा प्लॅन कसा फसला आणि कसा जमला

सप्टेंबरात अप्पांनी व्हॉट्सॲपवर एक फोटो फॉरवर्ड केला. दाट झाडीची दरी, मधे संथ नदी, तिच्यावर कमानीचा लोखंडी पूल आणि पुलावर दोन डब्यांची इवलीशी गाडी, सगळ्याचं प्रतिबिंब खाली पाण्यात. फोटोखाली अप्पांचा मेसेज, "हे तुमच्याच देशातलं ना? दिवाळी झाली की येतोच आहोत, तेव्हा बघून टाकू." बघून टाकू म्हणे! मी राहते निशी-कसाईला, तोक्योच्या पूर्व टोकाला, जिथे आपली माणसं इतकी की भाजी घेताना मराठी कानावर पडतं, आणि तो पूल आहे फुकुशिमा प्रांताच्या पश्चिम कोपऱ्यात, आइझू भागात, तादामी नदीवर. तोक्यो-क्योतोसारखं "स्टेशनवर जा, येईल ती गाडी पकड" हे तिथे अजिबात चालत नाही, पण ते मला तेव्हा नीटसं माहीत नव्हतं, म्हणून हे सगळं लिहितेय, कारण अशाच ट्रिपचं मला आता चार जणांनी विचारलंय आणि प्रत्येकाला वेगळं सांगत बसायचा कंटाळा आलाय.

आधी अटी सांगते, कारण प्लॅन अटींवरच ठरतो. माझ्याकडे जपानी लायसन्स नाही, म्हणजे भाड्याची कार बाद. आईचे गुडघे, सपाटीवर ठीक पण पायऱ्या उतरताना त्रास. आई कट्टर शाकाहारी, माशाचं पाणीसुद्धा चालत नाही, आणि जपानात ते पाणी कशात नसतं हाच प्रश्न असतो. मला सुट्टी दोनच दिवस. आणि अप्पा, पाटबंधारे खात्यातून रिटायर, निम्मी नोकरी कोयनेच्या आसपास, त्यांना धरण आणि गाडी या दोन गोष्टी दाखवल्या की बाकी काही दाखवायला लागत नाही.

पहिला प्लॅन मी रविवारी दुपारी अर्ध्या तासात केला आणि स्वतःवर खूश झाले. एक ते तीन नोव्हेंबर २०२५, शनिवार-रविवार-सोमवार, सोमवारी तीन तारखेला संस्कृती दिनाची सुट्टी, म्हणजे रजा टाकायचीच गरज नाही. पहिल्या दिवशी सकाळी असाकुसाहून तोबू रेल्वेची 'रिबाती आइझू', साडेसहाला सुटते आणि साधारण सव्वातीन तासांत आइझू-ताजिमाला पोचवते, तिथून आइझू रेल्वेने युनोकामी ओन्सेन, तिथून बसने ओउची-जुकु नावाचं जुनं गवती छपरांचं गाव, दुपारी परत, संध्याकाळी पाचच्या तादामी लाईनच्या गाडीने नदीकाठाने पुढे, वाटेत कुठेतरी मुक्काम, दुसऱ्या दिवशी सकाळी टेकडीवरून पूल बघायचा. नकाशावर सगळ्या रेघा एकमेकींना छान जोडलेल्या. मोबाईलने तर प्रत्येक टप्प्याला मिनिटंसुद्धा दिली.

मग हॉटेलं बघायला घेतली आणि कळलं की तीन दिवसांची सुट्टी फक्त मलाच नाहीये. नोव्हेंबरचा पहिला आठवडा म्हणजे तिकडे पानगळीचा ऐन बहर, सगळं जपान डोंगरात. खोल्या नाहीतच, ज्या आहेत त्यांचे दर बघून अप्पा परत फिरले असते. त्याहून वाईट म्हणजे ओउची-जुकुला जायचा रस्ता. तो एकच, डोंगरातला, आणि पानगळीच्या सुट्ट्यांत त्यावर गाड्यांची अशी रांग लागते की बसही त्याच रांगेत अडकते, कारण बसला वेगळा रस्ता नाही. आपल्याकडे लाँग वीकेंडला लोणावळ्याच्या घाटात होतं तेच. बस वीस मिनिटं उशिरा आली तर शहरात कोण विचारतं, पण इथे वीस मिनिटांत पुढची गाडी जाते आणि त्यानंतरची दीड-दोन तासांनी.

म्हणून तारखा हलवल्या. गुरुवार-शुक्रवार, सहा आणि सात नोव्हेंबर. दोन रजा गेल्या, पण खोली मिळाली, स्वस्त मिळाली.

आता इथे एक बारीक गोष्ट. जपानी ग्रामीण वेळापत्रकात 'हेइजित्सु' म्हणजे कामाचा दिवस आणि 'दो-क्यूजित्सु' म्हणजे शनिवार आणि सुट्ट्या असे दोन तक्ते असतात, कधी एकाच तक्त्यात एखाद्या वेळेपुढे बारीक खूण असते आणि तळाशी लिहिलेलं असतं की ही फक्त सुट्टीच्या दिवशी. मी तारखा बदलल्या पण स्क्रीनशॉट शनिवारचेच ठेवले! निघायच्या दोन रात्री आधी, आईची बॅग भरताना, सहज म्हणून परत बघितलं तर माझ्या यादीतली एक बस गुरुवारी नव्हतीच. हे जर तिथे उभं राहून कळलं असतं तर मग आमच्या घरचा पुढचा आठवडा कसा गेला असता ते मी इथे लिहीत नाही.

पण प्लॅन खरा मोडला तो बसमुळे नाही, अंधारामुळे. अप्पांना फोनवर सगळं उत्साहाने वाचून दाखवत होते, पाचची गाडी पकडू, नदीकाठाने जाऊ वगैरे, तर त्यांनी शांतपणे विचारलं, "तिकडे दिवस कधी मावळतो गं?" मी गप्प. नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात आइझूत सूर्य पावणेपाचच्या आतच मावळतो. म्हणजे जी नदी, जे पूल, जी लाल-पिवळी झाडं बघायला शंभर-दीडशे किलोमीटरची ती लाईन धरायची, तिथे आम्ही काचेत स्वतःचीच तोंडं बघत गेलो असतो. मोबाईल गाडीची वेळ सांगतो, उजेडाची सांगत नाही.

मग मी कागद घेतला आणि उलटीकडून सुरुवात केली. पहिले हे समजून घ्या की तादामी लाईनवर गाड्या किती. आइझू-वाकामात्सु ते नीगाता प्रांतातलं कोइदे, १३५.२ किलोमीटर, आणि या टोकापासून त्या टोकापर्यंत जाणाऱ्या गाड्या दिवसाला फक्त तीन. एक पहाटे सहाच्या सुमारास, एक दुपारी एकनंतर लगेच, एक संध्याकाळी पाचला. अधल्यामधल्या स्टेशनापर्यंत जाऊन परत फिरणाऱ्या आणखी काही आहेत पण त्या पलीकडे जात नाहीत. पहाटेची पकडायची तर आदल्या रात्री आइझूत मुक्काम आणि आईला चारला उठवायचं, शिवाय मग ओउची-जुकु बसत नाही. संध्याकाळची अंधारात. उरली एकच, एकची.

हे एकदा कळलं की बाकीचं आपोआप बसत गेलं. ज्यांचं लहानपण गावात गेलंय त्यांना हे नव्याने सांगायला नको. पाटणकडे आमच्या गावात मुक्कामी एसटी यायची, रात्री येऊन देवळापाशी उभी राहायची आणि सकाळी सहाला निघायची, मग तालुक्याला कुणाचं कोर्टाचं काम असो, दवाखाना असो, की सोयरीक, सगळ्यांचे बेत त्या सहाच्या गाडीवर. आधी गाडी, मग काम. शहरात येऊन आपण हे उलटं केलं, आधी काम ठरवतो आणि मग गाडी शोधतो, आणि जपानची शहरं तर त्यात आपल्यालाही बिघडवतात कारण तिथे गाडी शोधावीही लागत नाही. जपानच्या खेड्यात जाताना परत पाटणचं डोकं लावायचं, एवढंच.

गाड्या इतक्या कमी का, तर मुळात माणसं कमी, गावं म्हातारी. तरी ही लाईन जिवंत कशी राहिली ही गोष्ट मला फार आवडली. १९७१ साली ती पूर्ण झाली. पुढे ऐंशीच्या दशकात तोट्यातल्या बऱ्याच लाईनी बंद झाल्या पण ही वाचली, कारण प्रांतांच्या सीमेवरचा समांतर रस्ता, २५२ नंबरचा, हिवाळ्यात बर्फाने बंद असतो, म्हणजे रेल्वे काढली तर तिथून पलीकडे जायला काहीच राहत नाही. मग जुलै २०११ मध्ये प्रचंड पाऊस झाला, तादामी नदीला पूर आला आणि पाचवा, सहावा, सातवा असे तीन पूल निकामी झाले. आइझू-कावागुची ते तादामी हा २७.६ किलोमीटरचा तुकडा अकरा वर्षं बंद, तिथे बस चालायची. दुरुस्तीचा खर्च आपल्या हिशोबात सुमारे नऊशे कोटी येन, आणि एवढं कोण करणार इतक्या थोड्या प्रवाशांसाठी? शेवटी तोडगा असा निघाला की त्या तुकड्याचे रूळ, पूल फुकुशिमा प्रांताने आपल्या मालकीचे करून घ्यायचे, जेआर ईस्ट या रेल्वे कंपनीने फक्त गाडी चालवायची. १ ऑक्टोबर २०२२ ला लाईन परत पूर्ण सुरू झाली. हे मी अप्पांना सांगितलं तेव्हापासून त्यांना फोटोतल्या पुलापेक्षा ते वाहून गेलेले पूल बघण्यात जास्त रस.

आणि तरीही फोटोचा प्रश्न होताच. तो फोटो ज्याचा आहे तो पहिला तादामी पूल, मिशिमा नावाच्या छोट्या गावाच्या हद्दीत. तो बघायचा तर रस्त्याकडेच्या 'मिची-नो-एकी'पासून, म्हणजे हायवेवरचं विश्रांती-दुकान असतं तिथून, टेकडीवर पायऱ्या चढून जायचं आणि गाडीची वाट बघत थांबायचं. दिवसात गाड्या थोड्या, म्हणजे फोटोचे क्षणही थोडेच. स्टेशन तिथून लांब, म्हणजे आइझू-मियाशिताला उतरून टॅक्सी आधीच ठरवायची किंवा मुक्कामाच्या खानावळीवाल्याला 'सोगेइ' म्हणजे ने-आण करायला सांगायची, बरेचजण करतात, फक्त बुकिंग करतानाच सांगावं लागतं. शिवाय त्या शरद ऋतूत उत्तर जपानात अस्वलांचा विषय रोज बातम्यांत होता, माणसांवर हल्ले इतके झाले की अकिता प्रांतात सैन्याची मदत घ्यावी लागली, आणि मी दोन म्हाताऱ्या माणसांना घेऊन पहाटेच्या धुक्यात त्या झाडीत चढणार नव्हते.

तरी मी दोन्ही पर्याय अप्पांसमोर ठेवले. टेकडीवर चढून पुलावरची गाडी बघायची, की त्याच गाडीत बसून पुलावरून जायचं? दोन्ही दोन दिवसांत, ओउची-जुकुसकट, होत नाही. अप्पा दोन दिवस विचार करत होते. मग म्हणाले, "फोटो तर आहेच की माझ्याकडे. बसू." मला वाटतं सगळ्या प्लॅनिंगमधला हा सगळ्यात महत्त्वाचा निर्णय आणि तो त्यांनी घेतला, मी नाही. मी घेतला असता तर दोन्ही कोंबायला गेले असते.

तर ठरलेला प्लॅन असा: गुरुवारी सकाळी असाकुसा, रिबाती, युनोकामी, ओउची-जुकु, संध्याकाळपर्यंत आइझू-वाकामात्सु, मुक्काम स्टेशनसमोर. शुक्रवारी सकाळी गावात एकच ठिकाण, मग एकची गाडी धरून कोइदेपर्यंत, सहाच्या आत कोइदे, तिथून जोएत्सु लाईनने दोन स्टेशनं उरासा, उरासाहून शिनकान्सेनने म्हणजे बुलेट ट्रेनने तोक्यो. गेलो त्या वाटेने परत यायचंच नाही, गोल फेरी. मुक्काम स्टेशनसमोर का, तर तिथल्या गरम पाण्याच्या झऱ्यांच्या हॉटेलांत जेवणाची वेळ सहा-साडेसहा, ती गाठायची घाई, आणि गाठूनही त्या जेवणातलं आईला एक भात सोडून काही चालणार नव्हतं. बरीच छोटी हॉटेलं शाकाहारी जेवणाला स्पष्ट नाही म्हणतात आणि ते नाही म्हणतात तेच बरं, हो म्हणून माशाच्या पाण्यातल्या भाज्या देण्यापेक्षा. आम्ही नुसती खोली घेतली. आईने दशम्या, तिखट-मिठाच्या पुऱ्या, मेतकूट, लिंबाचं लोणचं असा तीन दिवसांचा शिधा बांधला, दोन दिवसांसाठी.

जेआर पास, म्हणजे परदेशी पाहुण्यांसाठीचा रेल्वे पास, काढू का असं तुम्ही विचारणारच. नको. ऑक्टोबर २०२३ मध्ये सात दिवसांचा साधा पास पन्नास हजार येन झाला, आधी तीस हजारांच्या आत होता, आणि आमच्या पहिल्या दिवसाच्या तोबू आणि आइझू रेल्वेवर तो चालतही नाही. आमचं सगळं मिळून माणशी वीस हजार येनच्या आसपास गेलं.

प्रत्यक्षात काय झालं ते आता.

पहिला घोळ असाकुसालाच. मी तिघांची कागदी तिकिटं काढून हातात दिली आणि तरी अप्पांनी सवयीने गेटवर सुइका हे प्रवासाचे पैसे कापणारं कार्ड टेकवलं, दोन आठवड्यांत त्यांना ते टेकवायची इतकी गोडी लागली होती. मी पुढे, मला दिसलं नाही. आइझू रेल्वेवर ते कार्ड चालत नाही. म्हणजे कार्डाच्या मते अप्पा तोक्योत आत शिरले आणि कधी बाहेर पडलेच नाहीत. युनोकामीला उतरताना हे उघडकीला आलं, तिथल्या बाईंनी न चिडता एक चिठ्ठी लिहून दिली, की हा माणूस इथे रीतसर तिकिटाने उतरला आहे, आणि ती चिठ्ठी दाखवून तोक्योत कार्ड सोडवून घेईपर्यंत कार्ड बंद. कार्ड बंद झालं तरी पुढे दोन दिवस त्याचा उपयोग तसाही नव्हता, तिथल्या बसला, छोट्या गाड्यांना रोख लागते. आणि रोख म्हणजे हजाराच्या नोटा आणि चिल्लर. ड्रायव्हरशेजारच्या पेटीतल्या मोड करायच्या यंत्रात दहा हजाराची नोट जात नाही, आणि मागे पंधरा माणसं उभी असताना हे शोधून काढायची वेळ नसते ती. चढताना मागच्या दाराशी नंबराची चिठ्ठी घ्यायची, पुढे काचेवरच्या फलकावर त्या नंबराखाली भाडं वाढत जातं, उतरताना तेवढे पैसे आणि चिठ्ठी पेटीत. अप्पांना हे इतकं आवडलं की प्रत्येक स्टेशनला ते माझा नंबर आणि आकडा मोठ्याने वाचत होते.

युनोकामी ओन्सेनचं स्टेशन गवती छपराचं आहे, आत मधोमध चूल, तिच्यात खरंच निखारे, धुराचा वास थेट आजीच्या माजघराचा. आणि स्टेशनाला लागून पाय बुडवायचं गरम पाण्याचं टाकं. आईने सार्वजनिक स्नानाला घरातूनच साफ नकार दिला होता, पण इथे फक्त पायच, म्हणून मोजे काढून साडी घोट्याच्या वर धरून बसली, शेजारी दोन जपानी आज्या, त्यांच्यात आणि आईत एक शब्द समान नाही आणि तरी गुडघ्याला हात लावून, तोंड वाकडं करून तिघींचं गुडघेदुखीवर पूर्ण बोलणं झालं. बसची वेळ झाली तेव्हा मला तिला उठवावं लागलं.

ओउची-जुकुची बस एप्रिल ते नोव्हेंबरच असते, हे विसरू नका, डिसेंबरात गेलात तर टॅक्सी. सहा किलोमीटरच, पण चढाचा डोंगरी रस्ता. गाव म्हणजे एडो काळात (सतरावं ते एकोणिसावं शतक) आइझूहून निक्कोकडे जाणाऱ्या रस्त्यावरचा मुक्कामाचा टप्पा, सरळ एक रस्ता, दोन्हीकडे जाड गवती छपरांची घरं, मधून दोन्ही कडांना वाहणारे पाण्याचे पाट. १९८१ पासून संरक्षित. गवताला आग लागायची भीती म्हणून दर वर्षी १ सप्टेंबरला पाणी उडवायची एकत्र तालीम करतात. तिथलं प्रसिद्ध खाणं म्हणजे नेगी-सोबा, एका अख्ख्या लांब कांद्याच्या पातीने नूडल्स ओढून खायच्या, तीच काडी आणि तीच तोंडी लावणं. मी आणि अप्पांनी खाल्लं. आईसाठी पाणी माशाचं, म्हणून बाद. पण तिला 'शिनगोरो' मिळालं: अर्धवट कुटलेल्या भाताचा गोळा काडीला लावून, वर मिसो म्हणजे आंबवलेल्या सोयाबीनचा लगदा आणि 'जुनेन' नावाच्या तिळासारख्या बियांचं वाटण चोपडून निखाऱ्यावर भाजतात. पहिल्या घासाला आई थांबली, परत वास घेतला आणि म्हणाली, "अगं, कारळ्याची चटणी आहे ही!" अगदी तशीच चव, शप्पथ. मिसोत माशाचं पाणी नाही ना हे मी दुकानदारबाईंना दोनदा विचारून घेतलं होतं, तुम्हीही विचारा. मग आईने आणखी एक घेतलं आणि दशम्या संध्याकाळवर गेल्या.

दोन-अडीच तास पुरतात तिथे. गावाच्या टोकाला उंचवट्यावरून सगळी छपरं एकदम दिसतात, तिथे पायऱ्या आहेत, आई खालीच बसली आणि तिने ते बरोबर केलं. वाकामात्सुला पोचलो तेव्हा उजेड होता पण तिथला किल्ला सोडला, पायात कुणाच्याच त्राण नव्हतं. प्लॅनमध्ये किल्ला होता की नाही हे मी अप्पांना आधी सांगितलंच नव्हतं, ही युक्ती मी सगळ्यांना सांगते.

शुक्रवारी सकाळी इइमोरीयामा. गावात दोन गोल फिरणाऱ्या बस आहेत, 'हाइकारा-सान' एका दिशेने आणि 'आकाबे' उलट्या, चुकीची धरली तर गावाला पूर्ण प्रदक्षिणा होते, पोचता तरीही. ही टेकडी १८६८ च्या यादवी युद्धात मेलेल्या कोवळ्या पोरांच्या समाध्यांमुळे ओळखली जाते, वर जायला पायऱ्या बऱ्याच, पण शेजारी पैसे भरून सरकत्या पट्ट्यावर उभं राहता येतं, आई त्यावरून राणीसारखी वर गेली. तिथे साझाए-दो आहे, १७९६ सालचं सहा बाजूंचं लाकडी देऊळ, साडेसोळा मीटर उंच, आणि आत जिनाच नाही, शंखासारखा वळत जाणारा उतार. चढायची वाट वेगळी, उतरायची वेगळी, दोन्ही एकमेकींत पिळलेल्या, म्हणून वर जाणारा आणि खाली येणारा कधी समोरासमोर येत नाहीत. पूर्वी वाटेवर करुणेची देवता कान्नोनच्या तेहतीस मूर्ती होत्या म्हणे, म्हणजे एका फेरीत तेहतीस ठिकाणांची यात्रा. आमच्याकडे एका दगडाला हात लावला की काशी, तसंच. अप्पा आत दोनदा गेले, पहिल्यांदा दर्शन आणि दुसऱ्यांदा बांधकाम.

साडेबाराला आम्ही प्लॅटफॉर्मवर. एक पाचच्या गाडीसाठी अर्धा तास आधी, आणि तरी पुढे रांग होतीच, गुरुवार-शुक्रवार असून! पानगळीत ही गाडी भरते, सीट आरक्षण नाही, दोन डबे, आणि चार तासांहून जास्त प्रवास. आईला उभं राहून चाललं नसतं, म्हणून अर्धा तास आधी. गाडीत खायला काही मिळत नाही, टॉयलेट आहे. बसल्यावर आईने खिडकीत आकाबेको ठेवला, वाकामात्सुला घेतलेला, कागदाच्या लगद्याचा लाल बैल, मान हलणारा, गाडी हलली की तो नंदीबैलासारखा प्रत्येक गोष्टीला हो म्हणायचा. समोरचे आजोबा त्याला बघून हसले आणि मग बिस्किटं, मग पुऱ्या, देवाणघेवाण चालू.

पहिला तास सपाट शेतं, अप्पा पेंगले. मग दरी सुरू झाली. पहिला पूल यायच्या आधी गाडी हळू झाली, सगळा डबा एका क्षणात उभा, मोबाईल वर, आणि पूल म्हणजे खाली हिरवं पाणी, दोन्हीकडे लाल डोंगर, मोजून अर्धं मिनिट, संपला. अप्पांनी फोटो काढलाच नाही, ते खाली खांबांकडे बघत होते. वाटेत एका घरापुढे मुळे धुणारी बाई हात पुसून हलवायला लागली, पुढे शेतातला माणूस, पुढे शाळेची पोरं. या लाईनवर गाडीला हात करतात. आईने दिवसभर केला.

होन्ना धरण आलं तेव्हा अप्पा दारापाशी जाऊन उभे राहिले. धरणाच्या लगेच खाली सहावा पूल, नवा, वाहून गेलेल्याच्या जागी. "इथून सोडलं असणार पाणी," एवढंच म्हणाले आणि मग बराच वेळ काही नाही. २०१९ मध्ये कृष्णा-कोयनेचा पूर झाला तेव्हा ते रिटायर होते, तरी रात्रभर फोनवर होते, ते मला तेव्हा आठवलं. कावागुची-तादामी हा तुकडा मुळात वरच्या तागोकुरा धरणाच्या बांधकामाला सामान न्यायला टाकलेला, हे मी त्यांच्यासाठी राखून ठेवलं होतं, ते सांगितलं, तर म्हणाले मला वाटलंच.

तादामीनंतर ऊन डोंगरामागे गेलं आणि मग सहा किलोमीटरहून लांब बोगदा, रोकुजुरिगोए. पलीकडे निघालो तेव्हा नीगाता आणि संधिप्रकाश, आणि कोइदेला उतरेपर्यंत काळोख. म्हणजे उजेड पुरला तो असा काठोकाठ.

कोइदेला एक गोष्ट माझ्याकडून निसटली होती. तिथून उरासाला जाणारी लोकलही काही दर दहा मिनिटांनी नसते, आणि उरासाला सगळ्या शिनकान्सेन थांबत नाहीत. मी तोक्योची सीट फार जवळच्या गाडीची घेऊन ठेवली होती, बदलून पुढची घ्यावी लागली, थंडीत बसावं लागलं, आईच्या दशम्या तेव्हा संपल्या. आता केलं तर मी ती सीट उरासाला पोचल्यावरच घेईन. दुसरं म्हणजे पहिल्या दिवशी टॅक्सीचा नंबर कागदावर लिहून ठेवेन, फोनमध्ये नाही, कारण दरीत रेंज जाते. आणि वेळापत्रकं दर मार्चमध्ये बदलतात, तेव्हा माझ्या वेळा बघून निघू नका, त्या आठवड्याच्या बघा, आणि त्या वाराच्या.

घरी आल्यावर अप्पांनी भावकीच्या ग्रुपवर एकच फोटो टाकला. पुलाचा नाही. तादामी स्टेशनात भिंतीवर लावलेल्या वेळापत्रकाचा, बहुतेक रकाने रिकामे. काकाने लगेच विचारलं, "एवढ्याच गाड्या? जपानात?" अप्पांनी चष्मा शोधला, टाइप करायला पाच मिनिटं घेतली, आणि लिहिलं, "आपल्या गावाला तरी किती होत्या रे?"